फेस नको, माप सांगा

लातूरच्या बोअरच्या पाण्यात अंगाचा साबण फेस धरत नाही. वडी कितीही चोळा, हाताला पांढरट, चिकट साय लागते आणि बादलीला आतून तिचं कडं बसतं. बदली होऊन नव्याने इथे आलेले लोक आधी साबणाला दोष देतात, मग दुकानदाराला. दोष पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा असतो. साबण म्हणजे तेलातल्या मेदाम्लांचा सोडियमबरोबर झालेला क्षार. जड पाण्यात सोडियमला हटवून त्याची जागा कॅल्शियम घेतो आणि तो नवा क्षार पाण्यात विरघळतच नाही. मळापर्यंत पोहोचण्याआधीच बराचसा साबण वाया गेलेला असतो.

मी इथल्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रात्यक्षिकासाठी घरच्या पाण्याची बाटली आणायला सांगायचे. त्या पाण्यात एरिओक्रोम ब्लॅक टी नावाचा रंग टाकला की ते लालसर होतं. मग ब्युरेटमधून ईडीटीएचे थेंब सोडत जायचं, आणि एका थेंबाला पाणी निळं होतं. तिथवर किती ईडीटीए लागलं त्यावरून पाण्याचा जडपणा काढता येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं असं म्हटलं आहे. आमच्या वर्गात नळाच्या पाण्याची बाटली आणि बोअरच्या पाण्याची बाटली यांत तिपटी-चौपटीचा फरक निघायचा. दोन्ही घरांत धुण्याची पावडर मात्र तीच, आणि ती टाकायची रीतही तीच: मूठभर.

या मुठीबद्दल मला आज लिहायचं आहे. डिटर्जंटचा रेणू फार मोलाचा आहे. प्रयोगशाळेत, रक्तपेढीत, कारखान्यात तो मोजून-मापून वापरला जातो. घरात येताना तेवढं त्याचं माप कुणीतरी काढून घेतो आणि पाकिटावर फक्त शुभ्रतेचं आश्वासन छापतो. हे बदलायला हवं, आणि ते कायद्याने बदलायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

डिटर्जंटचा जन्म टंचाईतला. पहिल्या महायुद्धात जर्मनीत तेल-चरबीचा तुटवडा पडला. जी चरबी होती ती खायला हवी होती, साबणाला उरत नव्हती. तेव्हा १९१७ च्या सुमारास बीएएसएफ कंपनीच्या रसायनज्ञांनी नॅफ्थलीनपासून साबणाचा पर्याय बनवला. तो कापड उत्तम भिजवायचा, मळ मात्र बेताचाच काढायचा. पुढे १९३२ साली जर्मनीत फेवा आणि १९३३ साली अमेरिकेत ड्रेफ्ट या पावडरी आल्या, त्याही नाजूक कपड्यांपुरत्या. खऱ्या मळक्या कपड्यांना पुरून उरणारी टाइड १९४६ ची. तिचं बळ नुसत्या डिटर्जंटमध्ये नव्हतं. पाण्यातलं कॅल्शियम बांधून ठेवणारं फॉस्फेट तिच्यात भरपूर घातलेलं होतं. पाण्याचा जडपणा आधी मोडायचा आणि मग मळाला हात घालायचा, ही तिची युक्ती. त्या फॉस्फेटकडे मी पुढे येणार आहे.

आपल्याकडे सर्फ १९५९ साली आली. ती होती शहरी मध्यमवर्गाची. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घराच्या आवारात निरमा बनवायला सुरुवात केली, सायकलवरून दारोदार विकली, आणि धुण्याची पावडर गरिबाच्या न्हाणीत पोहोचली. जड पाण्याच्या आमच्या मुलखात या पावडरीने बायकांच्या मनगटांचे आणि कमरेचे किती कष्ट वाचवले ते मी घरात पाहिलं आहे. तेव्हा जुन्या काळाकडे परत चला असं मी म्हणणार नाही. लोणारच्या सरोवराकाठचा खार गोळा करून विकला जाई, राखेने भांडी घासली जात, रिठ्याच्या पाण्यात लुगडी भिजत. रिठा मीही वापरते, पैठणीला आणि लोकरीच्या शालीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण रिठ्यावर रुग्णालयाच्या चादरी निघणार नाहीत. शिवाय रिठ्यातलं सॅपोनिन माशांना मारक असतं, तेव्हा नैसर्गिक म्हणून तो नदीला निर्धोक असं समजायचं कारण नाही.

आता प्रयोगशाळेतलं सांगते. टूथपेस्टच्या नळीवर घटकांत सोडियम लॉरिल सल्फेट लिहिलेलं सापडतं. आमच्या प्रयोगशाळेत त्याच रसायनाच्या बाटलीवर सोडियम डोडेसिल सल्फेट असं नाव असतं आणि सगळे त्याला एसडीएस म्हणतात. एका टोकाला पाण्याची ओढ, दुसऱ्या टोकाला तेलाची, असा हा लांबट रेणू. १९७० साली केंब्रिजमध्ये काम करताना उलरिख लेमली यांनी प्रथिनं वेगळी करायची जी पद्धत प्रसिद्ध केली, ती आजही जगातल्या जवळपास प्रत्येक जीवरसायन प्रयोगशाळेत चालते. प्रथिन म्हणजे लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं असतं. प्रत्येक प्रथिनाचा गुंडा वेगळ्या आकाराचा, वेगळ्या विद्युतभाराचा. एसडीएस घालून ते उकळलं की गुंडा उलगडतो आणि त्याच्या लांबीवर एसडीएसचे रेणू सारख्या दाटीने बसतात, साधारण एका ग्रॅम प्रथिनाला १.४ ग्रॅम. मग सगळ्या प्रथिनांवर लांबीच्या प्रमाणात ऋण भार येतो, आणि जेलमधून वीज सोडली की लहान पुढे पळतात, मोठी मागे राहतात. त्या १.४ ग्रॅमच्या प्रमाणावर सगळी पद्धत उभी आहे. एसडीएस कमी पडलं तर प्रथिनांचं वजन चुकीचं निघतं.

भारनियमनाच्या दिवसांत जेल निम्म्यावर आलं की वीज जायची आणि मुलं हताश होऊन माझ्याकडे बघायची. डिसेंबरच्या सकाळी दहा टक्के एसडीएसची बाटली पांढरीफटक झालेली दिसायची, कारण थंडीत ते साका धरून बसतं. कोमट पाण्यात बाटली ठेवली की पुन्हा नितळ. अशा लहानसहान गोष्टींतून मुलांना कळायचं की हा रेणू तापमान, क्षार, प्रमाण या सगळ्यांना जबाब देतो. शाळेतल्या मुलांसाठी मी केळ्याचा प्रयोग करायचे. केळं कुस्करायचं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब आणि चिमूटभर मीठ, गाळायचं, आणि वरून थंडगार अल्कोहोल अलगद सोडायचं. पेशींची मेदाची आवरणं डिटर्जंटने विरघळलेली असतात, आणि सीमेवर पांढरे तंतू गोळा होऊ लागतात. तो डीएनए. आजपर्यंत एकही वर्ग मी पाहिला नाही जो त्या क्षणी गप्प झाला नाही.

पेशीच्या आवरणात रुतून बसलेली प्रथिनं पाण्यात येतच नाहीत. त्यांना सौम्य डिटर्जंटच्या वेष्टनात बाहेर काढावं लागतं. जीवाणूमधल्या प्रकाशसंश्लेषण केंद्राची रचना उलगडल्याबद्दल हार्टमुट मिशेल, योहान डायझेनहोफर आणि रॉबर्ट हुबर यांना १९८८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मिशेल यांनी त्या प्रथिनाचे स्फटिक मिळवले ते योग्य डिटर्जंट शोधून.

पण या रेणूचं सगळ्यांत मोठं काम मला विचाराल तर ते रक्ताच्या बाबतीतलं आहे. हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तात गोठण घडवणारं एक प्रथिन कमी असतं. हजारो रक्तदात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून त्यातून ते प्रथिन काढायचं आणि रुग्णाला द्यायचं, असा उपचार चालू होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच बाटल्यांतून एचआयव्ही आणि कावीळ पसरली. औषध घेणारी मुलं औषधाने दगावली. न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये बर्नार्ड होरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विद्रावक आणि एक डिटर्जंट यांची जोडी वापरली. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंना मेदाचं आवरण असतं. डिटर्जंट ते आवरण फोडतो, विषाणू निकामी होतो, आणि गोठणाचं प्रथिन शाबूत राहतं. नंतर डिटर्जंट काढून टाकायचा. १९८५ साली अमेरिकेत या पद्धतीने बनलेल्या औषधाला परवानगी मिळाली. हिपॅटायटिस ए किंवा पार्व्होव्हायरस बी १९ यांना असं आवरण नसल्यामुळे त्यांच्यावर ही मात्रा चालत नाही, हेही सांगायला हवं. पण असंख्य रुग्णांचं आयुष्य या पद्धतीने सुरक्षित झालं. कोरोनाच्या साथीत वीस सेकंद हात धुवा म्हणून सांगितलं जात होतं त्यामागे हेच तत्त्व होतं.

आणि या कामात मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या ट्रायटन एक्स-१०० चं काय झालं पाहा. त्याच्या विघटनातून निघणारं ऑक्टिलफेनॉल जलचरांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं असं दिसल्यावर युरोपीय संघाने ४ जानेवारी २०२१ पासून खास परवानगीशिवाय त्याच्या वापराला बंदी केली. जीव वाचवणाऱ्या औषधाच्या कारखान्यालासुद्धा पर्याय शोधावा लागला. प्रयोगशाळेतल्या कपाटातल्या डिटर्जंटचा असा हिशेब मागितला जातो.

आता त्याच कपाटासमोर मी कशी उभी राहायचे ते सांगते. एसडीएसची भुकटी हलकी असते, उडते, नाकात गेली की शिंका आणि घशात आग. म्हणून दहा ग्रॅम वजन करायचं तरी तोंडाला मास्क आणि हातात मोजे. आमच्याकडे धुणं करायला येणाऱ्या ताई मात्र वर्षानुवर्षं उघड्या हाताने पावडर कालवत आल्या. एका दिवसात चार-पाच घरांची धुणी आणि भांडी. बोटांच्या पेरांवर भेगा, नखांच्या कडेला सोललेली कातडी. डिटर्जंट कपड्यावरचं तेल काढतो तसं कातडीवरचंही काढतो, आणि पावडरीतला धुण्याचा सोडा पाणी इतकं अल्कधर्मी करतो की कातडीला सावरायला उसंतच मिळत नाही. याला त्या "पाण्याने खाल्लं" म्हणायच्या. पावडरीने खाल्लं असं कोणी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

कारखान्यातल्या कामगारांनी याची किंमत आधी मोजली आहे. डागांतली प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स पावडरीत घालायला सुरुवात झाली तेव्हा इंग्लंडमधल्या कारखान्यांत ती धूळ श्वासात जाऊन कामगारांना दमा झाला. १९६९ साली लॅन्सेटमध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि मग एन्झाइमवर वेष्टन चढवून त्याचे दाणे करण्याची पद्धत आली. एन्झाइम गुणाचं आहे, कमी रसायनात आणि थंड पाण्यात काम करतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही कोनिडिओबोलस नावाच्या बुरशीपासून मिळणाऱ्या अशा एन्झाइमवर काम झालं. पण ते सुरक्षित झालं ते कोणीतरी कामगारांची फुप्फुसं तपासली म्हणून. धुणं करणाऱ्या बायकांचे हात असे कोण तपासतं?

शेतात या रेणूचा उपयोग आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पाच टक्के निंबोळी अर्क करायचा तर पाच किलो निंबोळी, शंभर लिटर पाणी आणि २०० ग्रॅम साबणाचा चुरा. चुरा नसेल तर फवारा पानावर थेंब होऊन ओघळतो, पसरत नाही. द्राक्षवाले फवारणीत स्टिकर घालतात तेही त्याच कामासाठी. बघा, शेतकऱ्याला माप सांगितलेलं आहे, आणि तो ते पाळतो, कारण जास्त झालं तर पान करपतं. इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये सुतावरची खळ आणि मेण काढल्याशिवाय रंग चढत नाही. तिथेही रसायन लिटरला किती ग्रॅम ते ठरलेलं असतं. मलांजखंडच्या तांब्याच्या खाणीत दळलेल्या दगडाच्या गाळात रसायनं घालून हवा सोडतात, तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि फेसासकट काढून घेतले जातात. तिथे फेस हेच काम आहे.

धुण्यात तसं नाही. मळ सुटतो तो डिटर्जंटचे रेणू तेलकट मळाला वेढतात आणि कापडापासून उचलतात म्हणून. फेस हा त्या पाण्यात हवा मिसळल्याचा परिणाम. अजिबात फेस न करणारे आणि उत्तम मळ काढणारे डिटर्जंट आहेत. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनसाठी कमी फेसाची पावडरच लागते, कारण फेस जास्त झाला तर कपड्यांची आपटाआपट कमी होते आणि ते नीट निघत नाहीत. फेसाची एक खूण खरी मानायला हरकत नाही: मळाने आणि जडपणाने डिटर्जंट संपवला की फेस बसतो. पण टिकलेला फेस डिटर्जंट पुरेसा आहे एवढंच सांगतो. त्यापुढे टाकलेल्या पावडरीने कपडे अधिक निघत नाहीत. ती कापडात अडकते आणि मग पाणी मागते.

हे पाणी मागणं मला सगळ्यांत जास्त टोचतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्या लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात घराघरांत एकेका घागरीचा हिशेब होता. भांडी कमी खरकटी व्हावीत म्हणून लोक पत्रावळीवर जेवत होते. आणि त्याच उन्हाळ्यात टीव्हीवर ढीगभर फेसाच्या जाहिराती चालू होत्या. एका धुण्याला पावडर किती रुपयांची लागली हे आपण मोजतो. ती पावडर काढायला कपडे किती पाण्यातून खळबळून काढावे लागले, हे कोणी मोजत नाही. दुष्काळी भागात डिटर्जंटची खरी किंमत त्या पाण्यात आहे.

मी ताईंना एक चमचा दिला आणि बादलीला किती चमचे ते बोअरच्या पाण्यावर मीच करून पाहून ठरवलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, फेस नसला की धुतल्यासारखंच वाटत नाही." काही आठवड्यांनी त्यांनीच सांगितलं की एक पाणी कमी लागतंय. गॅरेजवाल्यांच्या घरी मात्र ते माप पुरत नाही, ग्रीसच्या कपड्यांना जास्त लागतं, हेही त्यांनीच शोधून काढलं, आणि ते बरोबरच आहे. मळ जास्त, पाणी जड, तर माप वाढणारच. किती वाढवायचं हे पावडर बनवणाऱ्याला माहीत असतं. त्याच्याकडे त्याच्या चाचण्या असतात.

हळदीच्या डागाचंही तसंच. डागावर पावडर लावली की तो लाल होतो, घाबरून बायका आणखी पावडर घासतात. तो लाल होतो कारण हळदीतलं कुर्कुमिन अल्कधर्मी पाण्यात रंग बदलतं. कापड स्वच्छ धुऊन कडक उन्हात टाका, ऊन त्या रंगद्रव्याला मोडतं. मराठवाड्यात उन्हाची तरी कमतरता नाही. आणि जी निळसर शुभ्रता जाहिरातीत चमकते, ती बरेचदा अतिनील किरण शोषून निळा प्रकाश टाकणाऱ्या द्रव्याची असते. तिचा मळ निघण्याशी संबंध नाही.

आणि धुण्याचं हे सगळं पाणी मोरीतून कुठे जातं? गेल्या काही वर्षांत आळंदीला इंद्रायणी पुन्हा पुन्हा फेसाळली. बंधाऱ्याखाली पांढरे ढीग, आणि त्यातच वारकरी स्नान करतात, तीर्थ म्हणून ओंजळ तोंडाला लावतात. ती छायाचित्रं पाहून मला फार त्रास होतो. वरच्या अंगाला वाढलेली शहरं आणि कारखाने आहेत, आणि प्रक्रिया न झालेलं सांडपाणी नदीत येतं. त्यात कारखान्यांचा वाटा किती आणि घरांचा किती यावर वाद घालता येईल. पण रसायनशास्त्र काय सांगतं ते ऐका. जगाने हे एकदा पाहिलं आहे. १९५० च्या दशकात डिटर्जंटमधली कार्बनची साखळी फांद्या फुटलेली होती, जीवाणूंना ती मोडता येत नव्हती, आणि युरोप-अमेरिकेतल्या नद्या फेसाने भरल्या. जर्मनीने १९६१ साली कायदा केला, अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९६५ साली सरळ साखळीचा डिटर्जंट आणला. तोच आज आपल्या पावडरीत असतो. तो जीवाणू खातात, पण त्यांना ऑक्सिजन लागतो. चांगल्या सांडपाणी प्रकल्पात तो बहुतेक सगळा संपतो. काळ्या, कुजलेल्या, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात तो तसाच राहतो आणि बंधाऱ्यावरून पडताना फेस होऊन वर येतो. म्हणजे नदीतला फेस हा महापालिकांच्या अपुऱ्या सांडपाणी व्यवस्थेचा पुरावा आहे. घरातली मूठ कमी करून तो प्रश्न सुटणार नाही. पण ती मूठ त्यात भर घालते, हे नाकारायचं कशाला?

फॉस्फेटची गोष्ट वेगळी. ते फेस करत नाही, ते शेवाळाला खत होतं. तलावात शेवाळ माजतं, मरतं, कुजतं, आणि पाण्यातला प्राणवायू संपतो. जपानमधल्या बिवा सरोवरात १९७७ साली लाल शेवाळाचा तवंग आला. क्योटो-ओसाकाच्या लाखो लोकांचं पिण्याचं पाणी या सरोवरातून येतं. तिथल्या गृहिणी उठल्या. तळणीचं उरलेलं तेल गोळा करून त्यापासून साबणाची पावडर करायला लागल्या, घरोघरी जाऊन फॉस्फेटची पावडर सोडा म्हणून सांगायला लागल्या. शिगा प्रांताने १ जुलै १९८० पासून फॉस्फेटच्या घरगुती डिटर्जंटची विक्री, वापर, आणि भेट देणंसुद्धा बंद केलं. जपानमध्ये सणाला डिटर्जंटचे खोके भेट द्यायची चाल होती, म्हणून तेही कायद्यात घातलं! उत्पादकांनी आधी विरोध केला, मग फॉस्फेटविना पावडर काढली. युरोपीय संघाने २०१३ साली घरगुती धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर कडक मर्यादा आणली. आपल्याकडे जून २०२१ मध्ये यमुनेचा फेस पाहून दिल्ली सरकारने भारतीय मानकांत न बसणाऱ्या साबण-डिटर्जंटच्या विक्रीवर बंदी घातली. महाराष्ट्रात अजून या विषयावर नीट चर्चासुद्धा नाही.

माझ्या घरातल्या पाकिटात फॉस्फेट आहे की नाही हे मला, जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला, पाकीट वाचून कळत नाही. किती टक्के डिटर्जंट, किती सोडा, किती भरीचं मीठ किंवा डोलोमाइट, एन्झाइम आहे का, काहीच नाही. अंगाच्या साबणाचं बघा. त्यावर टीएफएम, म्हणजे एकूण मेदाचं प्रमाण, छापलेलं असतं. ७६ टक्के असेल तर पहिला दर्जा, ६० असेल तर तिसरा. आता खेड्यातले लोकही साबण घेताना तो आकडा पाहतात. म्हणजे लोक वाचत नाहीत हा बचाव खोटा आहे. वाचण्यासारखं छापा, लोक वाचतात.

युरोपात २००४ च्या नियमाने पाकिटावर घटकांचे गट आणि मऊ, मध्यम, जड अशा पाण्यासाठी वेगवेगळं माप देणं बंधनकारक आहे. आपल्यालाही तेच हवं. दहा लिटरच्या बादलीला किती ग्रॅम, पाणी जड असेल तर किती, फार मळके कपडे असतील तर किती, हे मराठीत आणि म्हाताऱ्या डोळ्यांना दिसेल अशा अक्षरात. आत त्या मापाचा चमचा. फॉस्फेट आहे की नाही ते एका ओळीत. हातमोजे घालावेत ही सूचना चित्रासकट, कारण पावडर कालवणाऱ्या सगळ्याच बायकांना वाचता येतं असं नाही. आणि महापालिकांनी प्रभागाप्रमाणे पाण्याचा जडपणा वर्षातून दोनदा जाहीर करावा, नाहीतर पाकिटावरच्या तक्त्याचा उपयोग होणार नाही. बचत गटांच्या बायका अ‍ॅसिड स्लरी आणि सोडा अ‍ॅश कालवून पावडर करतात. त्यांना हाच नियम लावताना प्रशिक्षण आणि तपासणी फुकट मिळावी. त्या मोठ्या कंपन्यांइतक्या सहज तपासणीचा खर्च उचलू शकत नाहीत.

खर्च वाढेल, असं उत्पादक म्हणतील. मापाने वापरलं तर खप कमी होईल ही त्यांची खरी भीती आहे, आणि ती मी समजू शकते. पण त्या खपातला वाढीव भाग गरीब घराच्या पैशातून, टँकरच्या पाण्यातून आणि धुणं करणाऱ्या बाईच्या कातडीतून वसूल होतो. बोटभर शाम्पूच्या पुडीवर घटकांची यादी छापता येते. किलोभर धुण्याच्या पावडरीच्या पाकिटावर तिला जागा नाही, असं कोणत्याही कंपनीला म्हणता येणार नाही.